मतपेटी आणि वीजमीटर : मुळा-प्रवरेची गोष्ट

छावणीतील नगर नाक्यावरून नगरच्या रस्त्याला लागले की कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडावी लागते. पलीकडे प्रवरासंगम. तेथून प्रवरेच्या खोऱ्यात वर गेलात, तर एके काळी विजेचा धनीच बदलत असे. छावणी परिषदेचा अध्यक्ष मतदानाने ठरत नाही. तो पदसिद्ध लष्करी अधिकारी असतो. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेत मात्र वीज वाटणारे संचालक ग्राहकच निवडून देत. धागा थोडा दीर्घ आहे, पण इतिहास रंजक आहे.

साल १९६९. त्या जुलैत ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाले आणि देशात पाच प्रायोगिक वीज सहकारी संस्था उभारण्याचे ठरले : मुळा-प्रवरा, हुक्केरी, कोडिनार, सिरसिल्ला आणि लखनौ. नमुना अमेरिकेचा होता. १९३५ च्या सुमारास तेथील दहांपैकी जेमतेम एका शेतघरात वीज होती, कारण खासगी कंपन्यांना रानात तारा ओढणे परवडत नसे. सरकारी कर्ज घेऊन शेतकऱ्यांनीच संस्था काढल्या. त्यांच्या राष्ट्रीय संघाचे सल्लागार पुढे भारतातही आले.

नगर जिल्हाच का निवडला गेला असेल? कालवे होते, ऊस होता आणि विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रवरानगरच्या कारखान्यामुळे सहकाराची सवय होती. त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ १९६९ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते, हा योगायोगही ध्यानात ठेवावा.

कारभाराची रचना साखर कारखान्यासारखीच. भाग विकत घेतला की सभासदत्व. भाग कितीही असोत, मत एकच. एका दिव्याच्या घराला जेवढे, तेवढेच पन्नास एकर उसाच्या बागायतदाराला. सभासदांनी संचालक मंडळ निवडायचे, मंडळाने अध्यक्ष. वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ताळेबंद ठेवायचा. वर सहकार निबंधक आणि लेखापरीक्षक. श्रीरामपूर, राहुरी, आजचे राहाता, शिवाय संगमनेर-नेवाशाचा काही भाग, अशी पावणेदोनशेहून अधिक गावे या संस्थेकडे होती.

खरी मेख येथे आहे. संस्था वीज निर्माण करीत नसे. राज्य वीज मंडळाकडून घाऊक घेऊन किरकोळीने विके. खरेदीचा दर तिच्या हाती नव्हता. वीज नियामक आयोग आल्यावर विक्रीचा दरही आयोगच ठरवू लागला. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत वीज सहकारी संस्थेचे संचालक मंडळ दर स्वतः ठरवते, आणि शिल्लक उरली तर ती सभासदाच्या खाती जमा होते. आपल्याकडे मालकी दिली, दराची किल्ली मात्र दिली नाही.

त्यात शेतीपंपांची आकारणी मोठ्या प्रमाणावर मीटरऐवजी अश्वशक्तीवर. मग वीज किती वापरली, किती गळली आणि किती आकडे टाकून नेली, याचा ताळा लागणार कसा? शिवाय ज्याची थकबाकी, त्याचेच मत. ज्याचे कनेक्शन तोडायचे, त्याच्याच दारी संचालकाला निवडणुकीत हात जोडून जायचे. केवळ सभासदांना किंवा केवळ पुढाऱ्यांना दोष देणे मला सोपे उत्तर वाटते. रचनेतच दोन्ही बाजूंनी दार उघडे होते.

वीज मंडळाचे, नंतर महावितरणचे देणे साचत गेले. अखेरीस ते दोन हजार कोटी रुपयांच्या पुढे गेले. परवान्याची मुदत संपत असताना, जानेवारी २०११ मध्ये, आयोगाने या भागाचे वितरण महावितरणकडे सोपवले. १ फेब्रुवारी २०११ पासून बिलावरचे नाव बदलले. वाद मात्र मिटला नाही. परवाना गेला तरी वाहिन्या आणि रोहित्रे संस्थेच्या मालकीची होती. त्यांच्या वापराचा मोबदला किती, यावर आयोगापासून वरच्या न्यायासनांपर्यंत कज्जे चालले.

हुक्केरी आणि सिरसिल्ला येथील भावंडे त्यानंतरही वीज वाटत राहिली. इकडे दीड लाखांहून अधिक ग्राहक एका रात्रीत महावितरणचे झाले. सभासद मात्र ते मुळा-प्रवरेचेच राहिले, आणि खांबही.