डिमेन्शियाच्या रुग्णासाठी निवासी केंद्र: निवडताना काय पाहाल?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे बऱ्याच घरांत आई-वडील गावात आणि मुले मुंबईत असतात. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) वाढला की निवासी केंद्राचा विचार सुरू होतो. साधा वृद्धाश्रम इथे पुरत नाही. अनेक वृद्धाश्रम असे रुग्ण घेतही नाहीत.

केंद्र पाहायला सकाळी जाऊ नका, संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान जा. दिवस मावळताना अनेक रुग्ण अस्वस्थ होतात, "मला घरी जायचंय" म्हणत दाराशी येतात. तेव्हा कर्मचारी काय करतात ते बघा. हात धरून फेरी मारून आणतात, ओरडतात, की गोळी देतात? सगळेच रुग्ण त्या वेळी गाढ झोपलेले दिसले, तर मला त्या शांततेची काळजी वाटेल. वागणे शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अँटिसायकोटिक औषधांमुळे डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २००५ मध्येच दिला आहे. कधी कधी ही औषधे द्यावी लागतात. पण कमी मात्रेत, थोड्या काळासाठी आणि तुम्हाला सांगून. दर महिन्याला औषधांची यादी मागा. चालू औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.

रात्री किती जण जागे असतात? रुग्णाला खुर्चीला किंवा पलंगाला बांधतात का? हे सरळ विचारा, संकोच नको. भेटीला गेलात की माकडहाड आणि टाचा पाहा; त्वचा लाल दिसली तर ती जखमेची सुरुवात असू शकते. वजनाची नोंद दर महिन्याला हवी.

आपल्याकडे ताटात मासा लागतोच. तो काटे नीट काढून, मऊ भातात कालवून भरवतात का? जेवताना वारंवार ठसका लागत असेल तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, तर "आजार वाढला" या उत्तरावर थांबू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणे ही कारणे अनेकदा सापडतात आणि उपचारांनी सुधारतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगा.

पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात आणि भेटी आपोआप कमी होतात. त्या महिन्यांत व्हिडिओ कॉलचा वार आणि जवळ राहणारा एक नातेवाईक आधीच ठरवून ठेवा. दुर्लक्ष किंवा मारहाणीचा संशय आला तर एल्डरलाइनच्या १४५६७ या मोफत क्रमांकावर मदत मागता येते.

दाखल करताना एक कागद लिहून द्या: कोणत्या नावाने हाक मारली की ओ देतात, चहात साखर किती, रात्री दिवा लागतो का, कशाची भीती वाटते.