वायू आणि द्रव यांमधील सीमा : एका डच प्रबंधाचा इतिहास

शास्त्रीय परिभाषेतील एखादे विशेषण पुष्कळदा सिद्धान्ताचे निदर्शक नसते. ते केवळ तत्कालीन साधनांच्या अपुरेपणाचे निदर्शक असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झालेली ‘स्थायी वायू’ ही संज्ञा अशाच प्रकारची होय. मायकेल फॅराडे याने १८२३ मध्ये लंडन येथे बंद नळीत क्लोरीन वायूचे द्रवीकरण करून दाखविले. पुढे १८४५ पर्यंत दाब आणि शीतन यांच्या संयुक्त प्रयोगाने त्याने आणखी अनेक वायू द्रवरूपात आणले. तथापि ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड आणि मिथेन हे सहा वायू त्यास दाद देईनात. व्हिएन्ना येथे नाटेरर याने सुमारे ३००० वातावरणांपर्यंत दाब चढविला, तोही व्यर्थ गेला. यास्तव हे वायू स्वभावतःच स्थायी आहेत, असा समज दृढ झाला. जे साधले नाही, ते असाध्य मानले गेले.

वस्तुतः या समजास छेद देणारे निरीक्षण फॅराडेच्या पहिल्या प्रयोगापूर्वीच झालेले होते. फ्रान्समधील कान्यार द ला तूर याने १८२२ मध्ये बंद पात्रांत अल्कोहोल, ईथर इत्यादी द्रव तापविले. विशिष्ट तापमानास पोहोचताच द्रवाचा पृष्ठभाग नाहीसा होऊन संपूर्ण पात्र एकरूप द्रव्याने भरते, असे त्याला आढळले. या घटनेचे पद्धतशीर विवेचन मात्र बेलफास्ट येथील टॉमस अँड्रूज याने केले. कार्बन डाय-ऑक्साइडवरील आपले प्रयोग त्याने १८६९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. सुमारे ३१° सेल्सियसच्या वर हा वायू कितीही दाबला तरी त्यात द्रवाचा निराळा थर दिसत नाही. त्याखाली तो पुरेशा दाबाने द्रवरूप होतो. या मर्यादेस त्याने ‘क्रांतिक बिंदू’ म्हटले.

अँड्रूजने याच वेळी दोन जुन्या शब्दांची वाटणीही नव्याने केली. क्रांतिक तापमानाखाली असेल ते ‘बाष्प’, वर असेल तो ‘वायू’. पाण्याची ‘वाफ’ आणि ऑक्सिजन ‘वायू’ असे मराठीत म्हणतात, तो भेदही नित्याच्या तापमानात या कसोटीस उतरतो. कारण पाण्याचे क्रांतिक तापमान ३७४° सेल्सियस, तर ऑक्सिजनचे शून्याखाली सुमारे ११८° आहे. परंतु याहून महत्त्वाचे असे की, वायू प्रथम क्रांतिक तापमानाच्या वर नेऊन मग दाबला आणि नंतर निवविला, तर तो द्रव होतो. मात्र मार्गात कोणत्याही क्षणी द्रव आणि वायू असे दोन थर दिसत नाहीत. म्हणजे ज्या सीमेस निसर्गाची भिंत मानले होते, तिला वळसा घालता येत होता.

हे असे का होते, या प्रश्नाचे उत्तर हॉलंडमधील एका शाळाशिक्षकाने दिले. योहानेस डिडेरिक व्हान डर व्हाल्स हा लायडन येथे १८३७ मध्ये एका सुताराच्या घरी जन्मला. तो प्रथम प्राथमिक व पुढे माध्यमिक शाळेत शिक्षक झाला. विद्यापीठातील व्याख्याने त्यास ऐकता येत. परंतु लॅटिन व ग्रीक येत नसल्यामुळे परीक्षांची दारे बंद होती. पुढे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना या भाषांतून सूट मिळाली, आणि १८७३ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याने वायुरूप व द्रवरूप अवस्थांच्या सातत्यावरील प्रबंध डच भाषेत सादर केला.

बॉइलच्या नियमात त्याने दोन दुरुस्त्या केल्या. रेणूंना स्वतःचे आकारमान असते, म्हणून त्यांना हालचालीस मिळणारी जागा पात्राच्या घनफळाहून कमी असते. तसेच रेणू परस्परांस आकर्षितात, म्हणून पात्राच्या भिंतीवर पडणारा दाब अपेक्षेहून कमी भरतो. एवढ्या दोन कल्पनांतून निघालेले एकच समीकरण वायू आणि द्रव या दोहोंस लागू पडते आणि क्रांतिक बिंदूही त्यातूनच निघतो. द्रवास एकत्र बांधून ठेवणारे, त्याच्या पृष्ठावर ताण निर्माण करणारे आणि त्याच्या बाष्पीभवनास उष्णता खर्च करावयास लावणारे जे आकर्षण, तेच वायूतही असते. फक्त तेथे अंतर अधिक असल्यामुळे ते क्षीण भासते. भेद प्रकाराचा नाही, प्रमाणाचा आहे.

अल्पसंख्य लोकांच्या भाषेत लिहिलेला हा प्रबंध उपेक्षित राहिला नाही. मॅक्सवेलने १८७४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात त्याचे परीक्षण केले. विवेचनातील काही पायऱ्यांवर त्याने आक्षेप घेतले; परंतु या ग्रंथामुळे एकाहून अधिक संशोधकांचे लक्ष डच भाषेच्या अभ्यासाकडे वळले आहे, असेही त्याने नमूद केले. जर्मन भाषांतर १८८१ मध्ये निघाले. ज्या विद्यार्थ्यास परकीय अभिजात भाषांअभावी परीक्षेचा अधिकार नव्हता, त्याच्या मातृभाषेकडे इतरांना यावे लागले. भाषेची प्रतिष्ठा येथे विचारामागून आली.

‘स्थायी’ हे विशेषणही फार काळ टिकले नाही. १८७७ च्या अखेरीस काय्यते व पिक्ते यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, ऑक्सिजनच्या द्रवीकरणाची पहिली चिन्हे पाहिली. व्हान डर व्हाल्सने १८८० मध्ये अनुरूप अवस्थांचा नियम मांडल्यावर एखाद्या वायूचे क्रांतिक तापमान आगाऊ अंदाजणे शक्य झाले. ड्यूअरने १८९८ मध्ये हायड्रोजन द्रवरूप केला. हीलियम तेवढा उरला. त्याचे रेणू एकेका अणूचे, आणि आकर्षण अत्यल्प. अशा अणूंतही आकर्षण कसे उद्भवते, याचे पुंजवादी स्पष्टीकरण फ्रिट्झ लंडन याने १९३० मध्ये दिले.

१० जुलै १९०८ रोजी लायडन येथेच कामर्लिंग ओनेस याने हीलियमचे द्रवीकरण साधले. पात्रात द्रव साचला होता, तरी प्रारंभी तो कोणास दिसला नाही. खालून प्रकाश टाकल्यावर त्याची कडा उमटली. व्हान डर व्हाल्स त्या वेळी हयात होता, आणि वायू व द्रव यांमधील ती सीमा त्याच्या जन्मगावीच इतकी पुसट दिसली होती.