आधी पाणी पाहा, मग पेरा : फड बागायतीची जुनी शिकवण



दसरा झाला की गावच्या बैठकीत हमखास प्रश्न येतो, "साहेब, यंदा रब्बीला पाणी पुरंल का?" या प्रश्नावर खानदेश-बागलाणातल्या आपल्या वाडवडिलांनी तीन-चारशे वर्षांपूर्वी एक तोड काढली होती. आज तिचीच हकीकत सांगतो.

डोंगराचं पाणी चार महिन्यांचं

सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो कोसळतो. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मि.मी.हून जास्त पडतो. पण घाट उतरून पूर्वेला आलं की तो झपाट्याने कमी होतो. धुळ्याकडे जेमतेम 500-600 मि.मी. तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. हिमालयातल्या नद्यांना उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी मिळतं, आपल्या नद्यांना तो आधार नाही. पावसाळा सरला की जमिनीत मुरलेलं पाणी झिरपेल तेवढीच धार. म्हणून नवरात्रात नदीला जी धार दिसते, तीच रब्बीची शिल्लक समजावी.

फड म्हणजे काय?

पांझरा साक्रीकडच्या डोंगरात उगम पावते आणि धुळ्यावरून तापीला मिळते. मोसम आणि आरम गिरणेला मिळतात. या नद्यांवर शेतकऱ्यांनी दगडी बंधारे घालून पाट काढले. पाटाखालच्या जमिनीचे बहुधा तीन-चार मोठे भाग पाडले. एकेक भाग म्हणजे एकेक फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दरवर्षी ते पुढच्या फडात फिरवायचं.

पावसाळ्यानंतर पंच नदीचं पाणी पाहून ठरवीत, यंदा किती फड भिजवायचे. पाणी कमी असलं तर एखादा फड कोरडवाहू किंवा पड ठेवीत. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. त्यामुळे टंचाई आली तरी सगळ्यांचं थोडं भिजे, थोडं कोरडं राही. एकाचा मळा हिरवा अन् शेजाऱ्याचा करपलेला, असं होत नसे. पाणी देण्याचं काम पाटकऱ्याचं. स्वतःच्या हाताने बारं फोडायची कुणाला मुभा नव्हती.

घडी का विस्कटली?

पुढे नद्यांवर वरच्या बाजूला धरणं झाली. विहिरींवर इंजिनं आणि मोटारी बसल्या. नदीची धार बारीक झाली आणि पुष्कळ ठिकाणी फडाचे नियम ढिले पडले. पाणी एकच, पण हिशेब ज्याचा त्याचा वेगळा झाला. त्याचा फटका आपण दर फेब्रुवारीत पाहतो. गहू ओंबीवर असतो आणि विहीर तळ गाठते. बी, खत, मजुरी सगळं मातीत जातं.

1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिथे माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर एवढंच पाणी ठरलं आणि उसाला मनाई झाली. भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला गेला. रीत वेगळी, पण आधी पाणी मोजायचं आणि ते सगळ्यांत वाटायचं, हे सूत्र तेच.

तेव्हा यंदा एवढे करा

1. नवरात्रात विहिरीच्या पाण्याची खोली दोरीने मोजून वहीत टिपून ठेवा. दरवर्षी त्याच सुमारास मोजा, म्हणजे फरक कळेल.
2. गव्हाला पाच-सहा पाळ्या लागतात, हरभऱ्याला दोन पुरतात. पाणी बेताचं असेल तर गव्हाचं क्षेत्र कमी करून हरभरा, करडई किंवा रब्बी ज्वारी घ्या.
3. गव्हाला कमी पाळ्या देता येणार असतील, तर पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांची पाळी चुकवू नका.
4. एका ओढ्यावरच्या विहीरवाल्यांनी पेरणीआधी एकत्र बसा. पीक आणि पाळी ठरवा.

मंडळी, बियाण्याची पिशवी फोडण्याआधी एकदा विहिरीत डोकावून या. पाणी किती आहे ते तीच सांगेल.