मधुमेह : कामगारांची जाणीव आणि स्वयंदेखभाल (जालना एमआयडीसी)

जालना शहरालगतची ही औद्योगिक वसाहत लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या, रोलिंग मिल आणि बांधकामाच्या सळ्या यांसाठी ओळखली जाते. मिलमध्ये स्थानिकांबरोबर परप्रांतीय कामगारही मोठ्या संख्येने आहेत. मधुमेहाविषयीचे लेखन बहुधा रुग्णाच्या अज्ञानापासून सुरू होते आणि ‘जनजागृती’पाशी संपते. अशा वसाहतीपुरते तरी हे निदान अपुरे आहे. माहिती असणे आणि साखर आटोक्यात असणे यांच्या मधोमध पाळी, जेवणाची वेळ, उष्णता आणि पायातले बूट येतात.

आकडेवारी : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात (निष्कर्ष २०११ पासून प्रसिद्ध) तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड व चंडीगड यांचा समावेश होता. महाराष्ट्रात मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के, तर मधुमेहपूर्व अवस्थेचे १२.८ टक्के आढळले. मधुमेह नावाचा आजार असतो हे चारही प्रदेश मिळून शहरी भागात ५८.४ टक्के आणि ग्रामीण भागात ३६.८ टक्के लोकांना माहीत होते. आजाराचे निदान आधीच झालेल्यांमध्ये मात्र एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचे मोजमाप) सात टक्क्यांच्या खाली असणारे शहरात ३१.१ आणि खेड्यात ३०.८ टक्केच निघाले. दोन्ही मोजमापे वेगवेगळ्या गटांची आहेत, त्यामुळे त्यांची थेट सांगड घालता येत नाही. तरीही आपल्याला ‘शुगर’ आहे हे ठाऊक असलेल्या दर तिघांपैकी दोघांची साखर आटोक्यात नसावी, हा निष्कर्ष अज्ञानाच्या खात्यावर टाकता येत नाही.

भट्टीसमोरचा रुग्ण : ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण लांबले आणि अंगमेहनत वाढली, तर रक्तातील साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू शकते. घाम, थरथर, चक्कर ही साखर उतरल्याची लक्षणे. भट्टीपुढे उभ्या प्रत्येकालाच घाम फुटलेला असतो. त्यामुळे शिकवलेले लक्षण नेमके तिथेच निरुपयोगी ठरते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून घेणे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणे हा उपाय सोपा आहे, पण त्यासाठी काम सोडून बाजूला होण्याची मुभा हवी. दिवसपाळी-रातपाळी बदलली की ‘जेवणाआधी एक गोळी’ या सूचनेचा अर्थही बदलतो. सुरू असलेली इन्सुलिनची कुपी साधारण ३० अंशांच्या आत ठेवावी लागते. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ते जमत नाही. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला सेफ्टी शूजमध्ये गेलेला लोखंडाचा कण टोचत नाही, आणि जखम दिसते ती मोजा काढल्यावर, रक्ताच्या डागावरून. रोज तळपाय पाहण्याचा सल्ला इथे गोळीइतकाच मोलाचा आहे. पत्रकांत तो बहुधा शेवटच्या ओळीत असतो.

आक्षेप : मिलमधले कामगार तरुण व कष्टकरी असतात, त्यांना हा आजार कुठला, असे म्हटले जाते. पण भारतीयांत मधुमेह तुलनेने लवकर वयात आणि फारशा लठ्ठपणाशिवायही होतो. शिवाय ज्याला काम झेपेनासे होते तो गावी परततो, म्हणून हजेरीपटावर निरोगीच उरतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : तंबाखू, गोड चहा, मधेच गोळ्या सोडणे याला मालक कसा जबाबदार? तो नसेलही. पण पथ्य पाळायचे ठरवलेल्यालाही ते पाळता येईल अशी पाळी लावणे मुकादमाच्या हातात असते, रुग्णाच्या नाही. माहिती देऊ नये असा याचा अर्थ नव्हे; ती मुकादमालाही द्यावी लागेल. आजार कळला तर काम जाईल, या भीतीने तो लपवला जाण्याची शक्यताही येथे धरली पाहिजे.

उपचारसोय : राज्य कामगार विमा योजना (वेतनमर्यादा २०१७ पासून मासिक २१,००० रु.) आहे, पण ठेकेदाराकडील कामगारांना तिचा लाभ मिळणे नोंदणीवर अवलंबून असते. शासकीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तिशीपुढील व्यक्तींची तपासणी होते.

स्त्री-कामगार : गर्भारपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांना पुढे प्रकार २ मधुमेहाचा धोका अधिक असतो, म्हणून बाळंतपणानंतरही तपासणी आवश्यक.