लॅग नेमका कोणाचा?

मंडळी, या शनिवारी इतिहास. पण किल्ल्यांचा नाही, तारांचा :-)

कामठी म्हटलं की लोकांना छावणी आठवते, इंग्रजांनी १८२१ साली वसवलेली. मला आठवते ती भाड्याची खोली, २०१७ चा मे महिना, घरघरणारा कूलर आणि सहा जुनाट पीसी. आम्ही सगळी इंजिनिअरिंगची पोरं. शनिवार रात्र म्हणजे काउंटर-स्ट्राइक १.६. आमच्या खोलीत आठ पोर्टचा स्विच, सर्व्हर वरच्या मजल्यावर, आणि मधे गच्चीवरून फिरवून आणलेली तीसेक मीटर केबल. सगळ्या केबलींना टोकं मीच बसवली होती, त्याचा भयंकर अभिमान!

एक जण कन्हानहून यायचा. नदीपलीकडून, स्कूटरवर पायाशी सीपीयू ठेवून. त्याचं मशीन सगळ्यात जुनं. त्यामुळे गेम अडखळला की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे. "काऊन बे, तुह्या डब्यानं सगळ्याईचा लॅग होऊन रायला!" हे म्हणणारा बहुतेक वेळा मीच. दोन शनिवार त्याने ऐकून घेतलं. तिसऱ्या शनिवारी तो आलाच नाही.

लॅग मात्र आला.

आता थोडं मागे जाऊ. असले गेम यूडीपीवर चालतात. १९८० साली ठरलेला हा नियम म्हणजे साधं पोस्टकार्ड: टाकलं, पोचलं तर पोचलं. रजिस्टर्डसारखी पोचपावती नाही. गेमला हेच परवडतं, कारण अर्ध्या सेकंदापूर्वी शत्रू कुठे होता हे उशिरा कळून उपयोग काय?

१९९३ साली डूम आला. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या प्रत्येक हालचाल नेटवर्कवरच्या झाडून सगळ्या मशीनना ओरडून सांगायच्या. खेळणारे चार, ऐकणारं अख्खं ऑफिस. नेटवर्कं इतकी तुंबली की काही ठिकाणी डूमवर बंदी आली. पुढे १.२ आवृत्तीत ही आरडाओरड थांबली. १९९६ साली क्वेक आला, त्यात एक सर्व्हर सगळ्यांना हिशेब देतो. पण मॉडेमवाल्यांना प्रत्येक पावलासाठी उत्तराची वाट बघावी लागायची. म्हणून जॉन कारमॅकने त्याच वर्षी क्वेकवर्ल्डमध्ये युक्ती केली: तुमचं मशीन अंदाजाने तुम्हाला लगेच पुढे नेतं, सर्व्हरचं उत्तर आलं की चूक दुरुस्त करतं. युक्ती भन्नाटच, पण तिच्यामुळे रोग झाकला जातो. पाकिटं हरवायला लागली की अंदाज चुकतो आणि धावणारा माणूस झटक्यात मागे खेचला जातो. बघणाऱ्याला वाटतं मशीन स्लो आहे.

मग खरं कसं कळणार? त्याचं हत्यार १९८३ च्या डिसेंबरमध्येच तयार झालं होतं. अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माइक म्यूसने नेटवर्क विचित्र वागतंय म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं पिंग. हाक मारायची, प्रतिध्वनी किती वेळात येतो ते मोजायचं. एका नेटवर्कवाल्याने तर पिंगचं उत्तर स्पीकरवर जोडलं म्हणे. दर सेकंदाला मशीन "पिंग, पिंग" ओरडतंय आणि हा इमारतभर फिरून एकेक कनेक्टर हलवतोय. आवाज बंद पडला, तोच कनेक्टर!

आमच्याकडे स्पीकर होता, अक्कल नव्हती. तिसऱ्या शनिवारी ती आली. गेममधला नेट ग्राफ लावला. त्यात 'चोक' म्हणजे पाठवणाऱ्यानेच अडवून धरलेलं आणि 'लॉस' म्हणजे वाटेत हरवलेलं. चोक शून्य, लॉस भरपूर. मग प्रत्येक मशीनवरून प्रत्येकाला मोठ्या पाकिटांचे शंभर-शंभर पिंग. पाच जणांत आपापसात एकही हरवला नाही. सर्व्हरकडे जाणारे नऊ-दहा गायब. स्विचचा पोर्ट बदलला, तेच. केबल बदलली... शून्य.

म्हणजे माझी केबल. पण टेस्टरवर तर आठही दिवे लागत होते!

इथे पुन्हा इतिहास. तारांच्या जोडीला पीळ देण्याची कल्पना १८८१ ची, ग्रॅहम बेलची. एकाच जोडीतून सिग्नल गेला की बाहेरची खरखर दोन्ही तारांवर सारखी बसते आणि वजा होते. १०० एमबीपीएसच्या इथरनेटला एक जोडी १ आणि २ नंबरवर लागते, दुसरी ३ आणि ६ वर. हे तिरपागडं का? कारण मधले ४ आणि ५ टेलिफोनच्या जोडीसाठी राखलेले. मला ते माहीत नव्हतं. मी नारंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या ओळीने बसवल्या, दिसायला सुबक. त्यामुळे ३ आणि ६ वर दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा आल्या आणि पीळ फुकट गेला. स्वस्तातला टेस्टर तार या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते का एवढंच बघतो, तिचा जोडीदार कोण ते नाही. दोन-तीन मीटरच्या केबलींत ही चूक खपून गेली. तीस मीटरला नाही.

रात्री एक वाजता कन्हानला फोन लावला. सगळं सांगितलं, जोड्यांसकट. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे पिंग माराले दहा मिन्टं लागले. मंग मले पंधरा दिवस काऊन आयकवलं बे?"

उत्तर नव्हतं. पुढच्या शनिवारी तो आला, पण सीपीयू न घेता. बसला, चहा प्याला, आमचा गेम बघितला आणि घरी गेला.

आता नोकरीत सर्व्हर बसला की मीटिंगमध्ये पाच मिनिटांत कोणाचं तरी नाव निघतं, बहुधा सगळ्यात नव्या पोराचं. मी म्हणतो, थांबा, आधी मोजू. लोकांना वाटतं मी फार शांत माणूस आहे.

असो. ती केबल अजून माझ्याकडे आहे. टेस्टरवर आजही आठही दिवे लागतात.