कोणतं पिंपळगाव?

माझी एक जुनी विद्यार्थिनी आपत्कालीन मदतीचे फोन घेण्याच्या नोकरीत आहे. उर्दू माध्यमातून दहावी, पुढे मराठीतून पदवी. ईदला घरी आली तेव्हा मी सहज विचारलं, काम काय असतं गं? ती म्हणाली, "सर, निम्मं काम म्हणजे गाव कोणतं ते विचारणं."

मला आधी गंमत वाटली. मग तिने समजावलं. फोनवर माणूस ओरडत असतो, पिंपळगावला या, लवकर या. आपल्या एका जिल्ह्यात पिंपळगाव माळवी आहे, पिंपळगाव उज्जैनी आहे, लांडगा आहे, कौडा आहे. अकोल्याकडे आणखी एक, पिंपळगाव खांड. वडिलांच्या छातीत कळ आलेला मुलगा आपल्या गावाचं पूर्ण नाव सांगत नाही, कारण त्याच्यासाठी पिंपळगाव एकच असतं. ते त्याच्याकडून काढून घ्यायचं, आवाज न चढवता, त्याच्या शिव्या ऐकत. तो घाबरून दखनीत बोलायला लागला तर दखनीत. तोवर दुसऱ्या हाताने टाइप चालूच. पगार विचारला तर तिने हसत सांगितला. आकडा इथे लिहीत नाही. आमच्याकडच्या कायम शिपायाच्या निम्म्याहून कमी आहे, एवढंच सांगतो.

त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात आहे. संकटाचा निरोप पोचवणाऱ्या माणसाला आपण आजवर काय दिलं?

चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला येऊन गेला. मुहम्मद बिन तुघलकाच्या डाकेचं त्याने केलेलं वर्णन प्रसिद्ध आहे. दर मैलाला धावणाऱ्यांचे तीन टप्पे. हातात काठी, काठीच्या टोकाला घुंगरं. घुंगरांचा आवाज आला की पुढच्या टप्प्यावरचा माणूस कंबर कसून उभा. सिंधपासून दिल्लीपर्यंत प्रवाशाला पन्नास दिवस लागत, खबर पाच दिवसांत पोचे. सुलतानासाठी गंगेचं पाणीही याच पायांनी दौलताबादला येई. या पायांना काय मिळत होतं, हे मात्र त्या वर्णनात सापडत नाही. आपल्या सल्तनतींचा अभिमान सांगणारी मंडळी हे पान वाचून दाखवतात आणि घुंगरांपाशी थांबतात. मीही वर्गात तेच करत आलो आहे.

गावपातळीवर हेच काम वेसकराकडे होतं. वेस राखायची, गावात कोण नवा आला ते ध्यानात ठेवायचं, चोराचा माग काढायचा, तालुक्याला सरकारी ऐवज पोचवायचा, कुणाच्या मरणाची खबर पायी जाऊन दुसऱ्या गावच्या नातेवाइकांना द्यायची. नगर जिल्ह्यातही, पुण्या-सोलापूरकडेही, हे काम महार समाजावर जन्माने लादलेलं होतं. मोबदल्यात थोडी वतनी जमीन आणि दारोदार मागायचं बलुतं. म्हणजे काम सरकारचं आणि पोट गावकऱ्यांच्या मर्जीवर.

1928 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदे मंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. या विधेयकाबद्दल आपण कमी वाचतो. चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना ठाऊक असतो, महार वतनाचं विधेयक अभ्यासकांपुरतं राहतं. त्यांचा मुद्दा हिशेबाचा होता. हे लोक रात्रंदिवस सरकारची नोकरी करतात, वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या माणसाला हजर व्हावं लागतं, मग सरकार त्यांना सरकारी नोकरासारखा पगार का देत नाही? विधेयक पुढे गेलं नाही, 1929 मध्ये त्यांना ते मागे घ्यावं लागलं. 1937 मध्ये त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा अखेर 1958 चा.

वतन गेलं. गावात दवंडी आणि निरोप कोतवालाच्या वाट्याला आले. त्याला मिळतं ते 'मानधन'. हा शब्द मला फार चतुर वाटतो. पगार म्हटलं की वेतनश्रेणी येते, महागाई भत्ता येतो, निवृत्तिवेतन येतं. मानधनात मान तेवढा येतो. 2023 मध्ये कोतवालांचं मानधन सरसकट 15 हजार झालं, नंतर पदाचं नावही 'महसूल सेवक' झालं. चतुर्थ श्रेणीची त्यांची जुनी मागणी मात्र मागणीच आहे.

मधल्या काळात एक वेगळी गोष्ट घडून गेली होती. तारमास्तर आणि टेलिफोन एक्सचेंजमधले ऑपरेटर खबर पोचवण्याचंच काम करत, पण ते सरकारी नोकर होते, श्रेणी आणि पेन्शनसह. हेही कुणी आपणहून दिलेलं नव्हतं. 1908 मध्ये तारवाल्यांनी संप केला होता आणि 1946 च्या जुलैत टपाल-तार कर्मचाऱ्यांच्या संपाने देश ठप्प झाला होता. माझ्या लहानपणी ट्रंक कॉल लावून देणाऱ्या बाईंना मोहल्ल्यात केवढा मान होता, ते अजून आठवतं.

मग यंत्रणा खूप सुधारली. 26 जानेवारी 2014 ला महाराष्ट्रात 108 सुरू झाली, 937 रुग्णवाहिका आणि पुण्यात फोन घेणारं केंद्र. 2021 मध्ये पोलिसांचा 112 आला. फोन नवी मुंबई किंवा नागपूरला लागतो, तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि पुढे जवळच्या गाडीतल्या पडद्यावर जातो. पण 108 चालवायला ठेकेदार कंपनी आली आणि फोन घेणारा तिचा नोकर झाला.

कायद्यात सोय नव्हती असंही नाही. कंत्राटी कामगारांच्या 1970 च्या कायद्याखालच्या नियमांत होतं की मूळ मालकाचा कामगार आणि ठेकेदाराचा कामगार सारखंच काम करत असतील तर वेतनही सारखं हवं. सर्वोच्च न्यायालयानेही 2016 मध्ये, पंजाबच्या जगजित सिंग खटल्यात, हंगामी कर्मचाऱ्यांसाठी समान कामाला समान वेतनाचं तत्त्व मान्य केलं. पण तुलना करायला बाजूला कायम माणूस लागतो. आणीबाणीचा फोन घेणारा असा कायम माणूसच सरकारने नेमला नसेल, तर हिची बरोबरी कुणाशी करायची? अमेरिकेत 911 हा क्रमांक 1968 पासून आहे, तरी तिथल्या केंद्र सरकारच्या व्यवसाय-यादीत हे लोक आजही अग्निशामक आणि पोलिसांबरोबर नाहीत. ते कार्यालयीन कामगारांत मोडतात. तिथेही भांडण त्या रकान्यावरूनच आहे.

मजुरीबद्दलची हदीस आपल्या सगळ्यांना पाठ आहे, कित्येक दुकानांत फ्रेम करून लावलेलीही असते. म्हणून ती इथे लिहीत नाही.

मागच्या महिन्यात तिच्या भावाच्या शिक्षणासाठी कर्जाचा अर्ज भरायला ती माझ्याकडे आली होती. 'व्यवसाय' या रकान्यापाशी पेन थांबलं. मी म्हटलं, लिही, आपत्कालीन सेवा. तिने मान हलवली. नेमणुकीच्या पत्रात तसं लिहिलेलं नाही, बँकवाले परत पाठवतील, म्हणाली. मग तिने 'खाजगी नोकरी' असं लिहिलं आणि खाली सही केली.