ट्रक ड्रायव्हरचं लायसन आणि फिटनेस: नियम काय सांगतात?

मालवाहू गाडी चालवायला वय किमान २० वर्षे लागते. लायसन बेळगावात काढलेले असो की गोव्यात, ते देशभर चालते. मुदत ५ वर्षांची असते. पेट्रोल, गॅस, केमिकल अशा धोकादायक मालासाठी ३ वर्षांची, आणि रिन्यू करताना एक दिवसाचे प्रशिक्षण सक्तीचे. मुदत संपून वर्ष उलटले तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते.

रिन्यू करताना डॉक्टरांचा ‘फॉर्म १-ए’ दाखलाही लागतो. ऐकू येते का, रातांधळेपणा आहे का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, २५ मीटरवरून नंबर प्लेट दिसते का, हे त्यात तपासायचे असते. चष्मा लावून नीट दिसत असेल तर अडचण नाही. म्हणून नुसता सही-शिक्का घेऊ नये. रात्री पुणे-बंगळुरू हायवेवर बंद पडलेला ट्रक वेळेत दिसणे दाखल्यावर नाही, नजरेवर अवलंबून असते.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. भाड्याची घाई मालकाला असते, पण स्टिअरिंगवर डुलकी लागली तर जीव ड्रायव्हरचा जातो.

गाडीचे फिटनेस ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी, पुढे दरवर्षी करावे लागते.